चार फुटी टाकी, एकच पाइप आणि खालच्यांचं ओलं छत : घरातल्या संपचं एक प्रकरण

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी सात वाजता दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. पुण्यात कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. "आज तू येच," एवढंच म्हणाला. मी पोचलो तेव्हा वहिनी हॉलमधली सतरंजी गॅलरीत वाळत घालत होत्या. दादा माशांच्या टाकीखालच्या कपाटाचं दार उघडून फरशीवर बसला होता आणि त्याचा उजवा हात पाइपवरच्या बॉल व्हॉल्व्हच्या मुठीवर होता. पंप बंद होता. पहाटे टाकी काठावरून वाहिली होती, पाणी कपाटामागच्या भिंतीकडेनं गेलं होतं आणि खाली राहणाऱ्या काकांच्या बेडरूमच्या छताला ओल आली होती.

ही दुसरी वेळ. दीड महिन्यापूर्वी पाणी वाहिलं होतं ते वरच्या टाकीतून नाही, खालच्या संपमधून, म्हणजे कपाटातल्या दुसऱ्या टाकीतून. दोन्ही वेळा दादाचं निदान मात्र एकच: "वर जाणारं आणि खाली येणारं पाणी जुळत नाही. व्हॉल्व्ह नीट लागत नाहीये." हे वाक्य मी मत्स्यालय ठेवणाऱ्या कितीतरी घरांत ऐकलंय आणि माझ्या पहिल्या संपच्या वेळी मी स्वतःही तेच म्हणत होतो. म्हणून हे प्रकरण मोजमापांसकट लिहून काढतोय.

आधी मांडणी

वरची टाकी ४८ × १८ × १८ इंचांची. काचेची जाडी आणि काठाखालची मोकळी जागा सोडली तर तिच्यात साधारण २२० लिटर पाणी राहतं. मागच्या कोपऱ्यात काच उभी करून सहा बाय सहा इंचांचा कप्पा केलेला. त्या काचेच्या वरच्या कडेला कंगव्यासारखे दाते आहेत. टाकीतलं पाणी त्या दात्यांमधून कप्प्यात पडतं, कप्प्याच्या तळाला असलेल्या भोकातून पाइपनं खाली संपमध्ये जातं, तिथं स्पंज आणि सिरॅमिकच्या रिंगांमधून फिरतं, शेवटच्या खणात येतं आणि पंपानं परत वर जातं. बिल्डिंगच्या जमिनीखालच्या टाकीलाही आपण संपच म्हणतो. इथं संप म्हणजे कपाटात बसलेली दुसरी काचेची टाकी: ३० × १४ × १५ इंच, तीन खणांची.

कप्प्याच्या तळाला भोकं दोन. एक इंचाचं निचऱ्यासाठी, पाऊण इंचाचं पंपाचं पाणी वर आणण्यासाठी. तयार मिळणाऱ्या टाक्यांमध्ये बहुधा हीच रचना असते आणि या प्रकरणाचं मूळही तिच्यातच आहे. पंपाच्या खोक्यावर ताशी ३००० लिटर छापलेलं.

टाकीत सहा डेनिसन बार्ब आहेत, दुकानदार ज्यांना मिस केरळ म्हणतात ते. लाल पट्टा, त्याखाली काळा पट्टा, शेपटीवर पिवळं-काळं. हा आपल्या पश्चिम घाटातला, केरळ आणि कर्नाटकातल्या वाहत्या नद्यांमधला मासा. २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्याच्यासाठी वेगळा वंश (जीनस) मानला आणि त्याला सह्याद्रिया असं नाव दिलं. निसर्गात तो धोक्यात आहे, म्हणून दादानं प्रजनन करून वाढवलेलेच मासे मागवले होते, याचं मला फार बरं वाटलं. वाहत्या पाण्यातला मासा असल्यानं त्याला भरपूर प्राणवायू आणि हलतं पाणी लागतं. दादानं संप बसवला, मोठा पंप घेतला, ते सगळं या माशांपायी. हेतूत काहीच चूक नव्हती.

आवाजापासून सुरुवात

पहिल्या दिवसापासून टाकीचा आवाज यायचा. मोरीचं पाणी शेवटी जाताना जसं घोटघोट करतं तसा, चोवीस तास. हॉलला लागूनच बेडरूम. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, मासे मलाही आवडतात. पण मला रात्रीची झोपही हवी आहे."

उभ्या पाइपात पाणी आणि हवा एकत्र शिरली की हा आवाज होतो. पाणी जाईल तितकं हवा ओढून नेतं, मध्येच क्षणभर पाइप पूर्ण भरतो, सायफन धरतो, म्हणजे भरलेला पाइप वरचं पाणी सलग ओढायला लागतो, कप्पा झटकन रिकामा होतो, सायफन तुटतो, पुन्हा हवा. कुणीतरी दादाला सुचवलं की निचऱ्यावर व्हॉल्व्ह बसव आणि थोडा आवळ, म्हणजे पाइप कायम भरलेला राहील आणि हवा जाणारच नाही. त्यानं बसवला आणि आवाज खरंच थांबला. पण वीस मिनिटंच. मग एकतर कप्प्यातलं पाणी चढत चढत टाकीच्या पातळीला यायचं, नाहीतर उतरत उतरत पाइपच्या तोंडापर्यंत जायचं आणि घोटघोट पुन्हा सुरू. रोज रात्री जेवण झाल्यावर दादा व्हॉल्व्हपाशी बसायचा. मूठ केसभर इकडे, केसभर तिकडे. त्याला वाटायचं, आपला हात अजून बसलेला नाही.

हात कितीही बसला असता तरी ते जुळलं नसतं. का, ते आकड्यांतच सांगतो. मी तिथंच कागदावर मांडलं तेव्हा दादाच्या चेहऱ्यावरचा ताण पहिल्यांदा सैल झाला.

भरलेल्या पाइपातून पाणी किती वेगानं पडेल हे वरच्या आणि खालच्या पातळीतल्या अंतराच्या वर्गमुळावर ठरतं. टॉरिचेलीचा नियम, शाळेत शिकलेला. दादाकडे हे अंतर होतं ३३ इंच. आता कप्प्यातलं पाणी एक इंचानं चढलं असं समजू. अंतर ३४ झालं. निचरा वाढला जेमतेम दीड टक्का. ताशी १७०० लिटर जात असतील तर पंचवीस लिटरांची वाढ, बस. म्हणजे भरलेला पाइप पातळीला जवळजवळ दादच देत नाही. उलट पंप आणि निचरा यांच्यात ताशी पन्नासच लिटरांची तफावत पडली, जी मुठीच्या एका केसानं पडते, तर मिनिटाला आठशे मिलिलिटर पाणी त्या सहा बाय सहाच्या कप्प्यात साठतं. त्या कप्प्यात ते मिनिटाला सव्वा ते दीड इंच चढतं. टेबलाच्या कडेवर पेन्सिल उभी करायला सांगितल्यासारखं आहे हे. त्यात स्पंजाचा एखादा कण व्हॉल्व्हपाशी अडकला, पंपाच्या जाळीवर शेवाळ आलं, तर काल जुळलेलं आज जुळत नाही.

एकट्या निचऱ्याच्या पाइपवर व्हॉल्व्ह नसावाच. या बाबतीत मी कुणाशीही तडजोड करत नाही. काहीजण वर एक पंप आणि खाली एक पंप लावून दोन्ही 'सारखे' करायला बघतात. तेही याच कारणानं आज ना उद्या बुडतं.

दोन पुरांचा हिशेब

आम्ही टेप घेऊन सगळं मोजलं. वरच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे १३ लिटरांहून थोडं जास्त. संपमध्ये एक इंच म्हणजे साडेसहा लिटर. आणि संपच्या शेवटच्या, पंपाच्या खणात एक इंच म्हणजे पावणेदोन लिटर. हे तीन आकडे मी दादाला कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहायला लावले. ज्याच्या घरी संप आहे त्यानं आपल्या टाकीचे हे तीन आकडे काढून ठेवावेत. हिशेब अगदी सोपा आहे: लांबी गुणिले रुंदी गुणिले एक इंच, आणि एकसष्ट घन इंचांचा एक लिटर.

पहिला पूर एका गुरुवारी दुपारचा. दुरुस्तीसाठी वीज गेली होती, घरी कुणी नव्हतं. पंप बंद पडला की पाणी वर जाणं थांबतं, पण पंपाच्याच पाइपातून टाकीतलं पाणी उलटं खाली यायला लागतं, नळकांडं टाकून बादली उपसावी तसं. हे केव्हा थांबेल? पाइपचं वरचं तोंड उघडं पडून हवा शिरली की. दादाच्या टाकीत ते तोंड पाण्याखाली तीन इंच होतं, 'वरून सळसळ नको' म्हणून मुद्दाम खाली वळवलेलं. तीन इंच गुणिले तेरा, सुमारे चाळीस लिटर. कप्प्यातले आणखी दोनतीन. आणि संपमध्ये मोकळी जागा होती तीस लिटरांची, कारण दादा तिन्ही खण दहा इंचांपर्यंत भरून ठेवायचा. "पाणी जास्त असलेलं बरं, पंप कोरडा नको पडायला." बारा-तेरा लिटर फरशीवर गेले, ते या हिशेबानं जायलाच हवे होते.

पंपाच्या पाइपवर एनआरव्ही होता, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप. आम्ही खोलून पाहिला. आतल्या पडद्याच्या कडेला क्षाराचा पांढरा थर आणि त्यात तांदळाच्या कणीएवढ्या गोगलगाईचा शंख अडकलेला. पडदा दोन मिलिमीटर उघडाच राहत होता. एनआरव्ही लावायला माझी हरकत नाही. त्याच्या भरवशावर घराबाहेर पडायला आहे.

दुसऱ्या पुराची कथा अधिक शिकवणारी आहे. व्हॉल्व्ह अर्धामुर्धा आवळलेला, त्या फटीत संध्याकाळी कधीतरी तशीच एक गोगलगाय येऊन बसली. निचरा थोडा कमी झाला. कप्पा भरला, मग टाकी चढायला लागली. रात्री अकराला दादानं झोपण्यापूर्वी कपाट उघडलं तर पंपाच्या खणातलं पाणी तीन इंच उतरलेलं. त्याला वाटलं, बाष्पीभवन. त्यानं पाच लिटरांचा कॅन ओतला.

ते पाणी उडून गेलेलं नव्हतं, वरच्या मजल्यावर जाऊन बसलं होतं. तीन इंच म्हणजे पाच लिटर. त्यातले जवळपास अडीच कप्प्यात गेले आणि उरलेले टाकीत. टाकीत ते किती चढले? पाच मिलिमीटर. नजरेला कळणंच शक्य नाही. संपचा खण टाकीएवढा मोठा नसतो, त्यामुळे वरचा थेंब खाली ओंजळीएवढा दिसतो. दादानं ओंजळ पाहिली आणि भरपाई केली. तिथून पहाटेपर्यंत पंपानं खणातलं सगळं वर नेलं: आधीचे पाच आणि उरलेले चौदा, मिळून एकोणीस लिटर. कप्प्यात आणि टाकीच्या काठाखालच्या पाऊण इंचात मावले बारा. सात लिटर खालच्या काकांच्या छताकडे. पंप कोरडा घरघरायला लागला तेव्हा दादाला जाग आली.

म्हणजे दोन्ही पुरांत पाण्याचा ताळमेळ चुकला होता हे खरं. पण तो प्रवाहाचा ताळमेळ नव्हता, जागांचा होता. वीज गेल्यावर जे खाली येणार ते संपच्या मोकळ्या जागेत मावलं पाहिजे. निचरा तुंबल्यावर पंप जे वर नेऊ शकतो ते टाकीच्या काठाखाली मावलं पाहिजे. पाइपचं तोंड कुठं, काचेची कड कुठं, पाण्याची खूण कुठं, ही ठरवण्याची गोष्ट आहे, आणि ती टेपनं ठरते. व्हॉल्व्हचं काम फक्त आवाज घालवण्याचं.

काय बदललं

पुढच्या रविवारी कामाला लागलो. तीन पाइपांची रचना सगळ्यांत निर्धास्त असते, पण तिसरं भोक पाडायचं तर टाकी रिकामी करून मासे हलवावे लागले असते. डेनिसन उड्या मारणारा, बिचकणारा मासा. विनाकारण त्याला बादलीत ठेवणं मला पटेना. दुर्सो पाइपचाही विचार केला, म्हणजे वर वाकडं तोंड आणि टोपणाला हवेचं बारीक भोक. त्यात हवेला वेगळी वाट मिळते, पण एक इंचाच्या पाइपला एवढं पाणी झेपताना आवाज राहिलाच असता.

म्हणून दोन्ही भोकं निचऱ्याला दिली. एक इंचाचं मुख्य, कायम भरलेलं, व्हॉल्व्ह असलेलं. पाऊण इंचाचं दुसरं, आपत्कालीन, व्हॉल्व्ह नसलेलं. आणि पंपाचा पाइप कपाटाच्या मागून टाकीच्या काठावरून आत आणला. मत्स्यालयवाले याला हर्बी पद्धत म्हणतात.

मुख्य पाइपचं तोंड कप्प्यात खोल ठेवलं, त्यावर जाळीची टोपी. दुसऱ्या पाइपचं तोंड त्याहून बरंच वर, दात्यांच्या खाली साधारण अडीच इंच. कप्प्यातलं पाणी चालू असताना या वरच्या तोंडाशी टेकून उभं राहील अशी योजना. अडीच इंच एवढ्यासाठी की दात्यांवरून पडणाऱ्या पाण्याला फार उंचीवरून पडावं लागू नये, नाहीतर घोटघोट जाऊन धबधबा येतो.

आता पातळीला दाद न देणाऱ्या पाइपशेजारी पातळीला ताबडतोब दाद देणारा पाइप उभा राहिला. उघड्या तोंडावरून पाणी काठ ओलांडून जातं तेव्हा पाच मिलिमीटर चढलं तरी ताशी दीडशे लिटर जातात, आणि सेंटिमीटरभर चढलं तर साडेचारशेच्या आसपास. मुख्य पाइपला पंपाहून किंचित कमी नेऊ द्यायचं आणि ती किंचितशी बाकी या काठानं उचलायची. तफावत कमीजास्त झाली की धार आपोआप जाड-बारीक होते. हाताला काही करावं लागत नाही.

व्हॉल्व्ह शोधायला मात्र हिंडावं लागलं. बॉल व्हॉल्व्हची मूठ पाव फेऱ्यात पूर्ण उघड-बंद होते, त्यात बारीक जुळणी अवघड. गेट व्हॉल्व्ह बऱ्याच फेऱ्यांत हळूहळू बंद होतो, तो हवा. पण हार्डवेअरच्या दुकानात गेट व्हॉल्व्ह मागितला की पितळी हातात ठेवतात. पितळात तांबं असतं आणि दादाच्या टाकीत कोळंब्या आहेत. तांबं त्यांना थोडंही सोसत नाही. पीव्हीसीचा गेट व्हॉल्व्ह शेवटी मागवून घ्यावा लागला. ज्यांना मिळत नाही त्यांनी बॉल व्हॉल्व्हच्या मुठीला फूटभर लांबीची पट्टी घट्ट बांधावी. पट्टीचं टोक बोटभर हलवलं की व्हॉल्व्ह केसभर हलतो. मी अनेक वर्षं तसंच चालवलंय.

पंपाच्या पाइपचं तोंड पाण्याखाली फक्त पाऊण इंच ठेवलं आणि त्याच्या मानेवर, पातळीच्या किंचित खाली, चार मिलिमीटरचं एक भोक पाडलं. वीज गेल्यावर पातळी उतरली की या भोकातून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. हे भोक शेवाळानं बुजतं. दर पंधरवड्याला टूथपिक घालायची.

बादलीनं मोजणी

पंप प्रत्यक्षात किती पाणी देतो हे खोक्यावरून कळत नाही. पाणी तीन फूट चढवायचं, वाटेत एल्बो, त्यात जाते ताकद. आम्ही पाइपचं तोंड टाकीच्या काठाच्याच उंचीवर स्टुलावरच्या बादलीत धरलं. उंची तीच ठेवायची. बादली फरशीवर ठेवून मोजलं तर आकडा फुगतो. दहा लिटरांची खूण २१ सेकंदांत गाठली, म्हणजे ताशी १७०० लिटर. तीन हजार नव्हे.

तेवढेही मला जास्त वाटत होते, कारण आपत्कालीन पाइप पाऊण इंचाचाच होता. खरं तर तो मुख्य पाइपएवढा तरी असायला हवा, पण भोकच तेवढं. मुख्य पाइप पूर्ण तुंबला तर सगळं पाणी यालाच न्यावं लागणार. म्हणून पंपाच्या बाहेर जाणाऱ्या बाजूला बॉल व्हॉल्व्ह लावून प्रवाह उतरवला, बादली भरायला २४ सेकंद लागतील इतका. ताशी १५०० लिटर, टाकीच्या पावणेसातपट. आत ओढणाऱ्या बाजूला कधी आवळू नये, पंप उपाशी राहतो. दादाला वाटलं, मासे नाराज होतील. माशांना हलतं पाणी हवं असेल तर टाकीत लहानसा वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलवणारा पंखा, लावता येतो, त्यासाठी संपमधून नदी वाहवायची गरज नाही. तसा लावला, आणि दोन दिवसांत सहाही डेनिसन त्याच्या प्रवाहाकडे तोंड करून एका रांगेत उभे राहायला लागले.

मग जुळणी. गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून पंप सुरू केला. पाणी चढलं, मुख्य पाइपनं मोठ्यानं हवा गिळली, सायफन धरला, कप्पा उपसला, पुन्हा हवा. वहिनी आतून बघायला आल्या. मी अर्धा अर्धा फेरा आवळत गेलो. दोन फेऱ्यांनंतर कप्प्यातलं पाणी उतरायचं थांबलं. मग पाव फेरा आणि पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा पाव फेरा आणि पाच मिनिटं. ही पाच मिनिटं कुणी थांबत नाही, सगळा घोटाळा तिथं होतो. चौथ्या वेळी पाणी दुसऱ्या पाइपच्या काठाला लागलं, फुगल्यासारखं होऊन क्षणभर तिथंच अडलं आणि मग एका बाजूनं आत सांडलं. खाली संपमध्ये त्या पाइपातून आधी करंगळीएवढी धार आली, अष्टमांश फेरा परत उघडल्यावर ती सुतळीएवढी झाली. आणि घर एकदम शांत झालं. फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला.

सुतळीएवढी धार पाण्यात पडताना टपटपत होती. पाइपचं टोक तिरपं करून संपच्या काचेला टेकवलं. आता ती काचेवरून ओघळते.

जिथं अडलो

पहिली परीक्षा तुंबण्याची. मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला. कप्प्यातलं पाणी दोन बोटं चढलं, दुसऱ्या पाइपनं सायफन धरला आणि खळखळाट करत सगळं पाणी नेलं. टाकीची पातळी हलली नाही. हा खळखळाट हवाच असतो, तोच घरातल्यांना इशारा.

दुसरी परीक्षा विजेची. बटण बंद केलं. टाकीतले दहा, कप्प्यातले सहा आणि पाइपातला एखादा, असे सतरा लिटर खाली आले. संपमध्ये भरपूर जागा उरली. पण बटण पुन्हा चालू केल्यावर गडबड झाली. मुख्य पाइपला सायफन धरताच येईना. दहा मिनिटं सगळं पाणी आपत्कालीन पाइपातूनच खळखळत राहिलं.

कारण शोधायला थोडा वेळ गेला. मुख्य पाइपचं खालचं टोक संपमध्ये पाण्याखाली सहा इंच बुडलेलं होतं. पाइपात अडकलेल्या हवेला बाहेर पडायचं तर सहा इंच पाणी ढकलावं लागत होतं, आणि अर्धवट आवळलेल्या व्हॉल्व्हमागून येणाऱ्या पाण्यात तेवढा जोर नव्हता. वीज नुकतीच आलेली असताना संपची पातळी वाढलेली असते, त्यामुळे हे अंतर तर आणखी जास्त. हॅकसॉनं पाइप पाच इंच कापला, टोक पाण्याखाली एकच इंच राहील असा. पुन्हा बटण बंद, पुन्हा चालू. मिनिटभर खळखळ, मग मोठे बुडबुडे, मग शांत. सलग पाच वेळा करून पाहिलं, पाचही वेळा धरला.

शेवटी खुणा. पंपाच्या खणाच्या काचेवर दोन रेघा मारल्या. तळापासून सात इंचांवर लाल: याच्यावर कधीच भरायचं नाही. एवढं असेल तर पंपाला वर नेता येतील असे नऊच लिटर उरतात आणि ते टाकीच्या काठाखाली मावतात. चार इंचांवर निळी: याच्याखाली गेलं तर पंप हवा ओढेल. या खणातली पातळी खाली ठेवल्यानं मधल्या काचेवरून पाणी तीन इंच पडायला लागलं, म्हणून तिथं खरखरीत स्पंजाचा तुकडा तिरका लावला. आणि निळ्या रेघेशी पाणी आलं की कॅन उचलण्याआधी वर जाऊन टाकीची पातळी दात्यांशी ताडून बघायची, हे दादानं स्वतः कपाटाच्या दारावर लिहिलं, त्या तीन आकड्यांच्या खाली.

दोन रेघांमध्ये पाच लिटर बसतात. पुण्याच्या मे महिन्यात पंखा चालू असताना टाकीतून रोज तीन-एक लिटर उडतात, म्हणजे दोन दिवसही पुरत नाहीत. दादाला तरंगता व्हॉल्व्ह लावून गॅलरीतल्या पिंपातून आपोआप भरणा हवा आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. निचरा तुंबून खण रिकामा व्हायला लागला तर तो तरंगता व्हॉल्व्ह बाष्पीभवन समजून पिंपातलं सगळं पाणी ओतत राहील, दादानं त्या रात्री ओतलं तसंच. पिंप पाच लिटरांहून मोठं नको आणि आधी टाकीची पातळी आणखी अर्धा इंच खाली घेता येते का ते पाहू, एवढ्यावर सध्या थांबलोय.

चार महिने झाले. मधल्या एका गुरुवारी वीज तीन तास गेली, तेव्हा वहिनी घरी होत्या. त्यांनी कपाट उघडून संपचा फोटो काढून मला पाठवला. पाणी काठाच्या चार बोटं खाली. वीज आल्यावर दुसरा फोटो, काचेवरून ओघळणाऱ्या सुतळीएवढ्या धारेचा. खालच्या काकांच्या छताला दिवाळीआधी रंग दिला, दादानंच. व्हॉल्व्हला त्या रविवारनंतर कुणी हात लावलेला नाही.